आगीच्या खात्यातील माझी उमेदवारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रातील हळदीकुंकवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपण मला येथे बोलावलेत याचा मला आनंद आहे, पण थोडा संकोचही वाटतो. याच सभागृहात मी भोंडल्याची गाणी म्हटली, रांगोळीच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस घेतले, आणि समोर बसलेल्यांपैकी निदान चौघीजणींनी मला परकरात पाय अडकून पडताना पाहिले आहे. अशा मंडळींपुढे वक्ता म्हणून उभे राहावयाचे म्हणजे अवघड काम! परंतु चिटणीसबाईंनी सांगितले, "तू मोठे काही बोलू नकोस, तुझ्या नोकरीत तू दिवसभर काय करतेस तेवढे सांग. आम्हांला कोणालाच ते नीट ठाऊक नाही." तेव्हा तेवढेच सांगते. शिवाय १४ एप्रिलपासून सुरू होणारा आठवडा आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात, त्यामुळे विषय अगदीच अवेळी नाही.

माझ्या हुद्द्याचे नाव लांबलचक आहे. प्रशिक्षणार्थी अग्निसंरक्षण अभियंता. कार्यालयाचे नाव सांगत नाही. सरकारी नोकराने सभेत उभे राहून कार्यालयातल्या गोष्टी सांगावयाच्या तर ते नाव गाळलेलेच बरे. आमच्या आईने आपल्यापुरते याचे सोपे भाषांतर करून टाकले आहे. कोणी विचारले की ती म्हणते, "पाण्याच्या पंपांचे बघते." आणि वाड्यातल्या जुन्या शेजारीणबाई मला अजून विचारतात, "बाई गं, तुला त्या उंच शिडीवर चढवतात का?" नाही, चढवत नाहीत. शिडीवर चढणारी माणसे अग्निशमन दलाची. ती आग लागल्यावर येतात. आमचे काम त्याच्या कितीतरी आधीचे. इमारतीचा नकाशा कागदावर असतो तेव्हापासून ते ती उभी राहून तिच्यात माणसे राहू लागली तरी पुढे वर्षानुवर्षे, आग लागलीच तर ती किती पसरेल, धूर कोठे जाईल, माणसे कोठून बाहेर पडतील आणि पाणी कोठून मिळेल, याचा हिशेब मांडावयाचा आणि तो हिशेब प्रत्यक्षात उतरला आहे की नाही ते जाऊन पाहावयाचे. थोडक्यात म्हणजे, जे घडू नये त्याचा विचार करण्याचा पगार मला मिळतो.

बायका या कामात आल्या त्याला फार वर्षे झाली नाहीत. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. तेथे पहिली विद्यार्थिनी आली ती २००२ साली, हर्षिनी कान्हेकर. मधल्या सेहेचाळीस वर्षांत तेथे एकही मुलगी शिकावयास आली नव्हती. मी काही त्यांच्यासारखी ज्वाळांत शिरणारी नव्हे, पण माझ्या हाती मोजपट्टी आली ती त्यांच्यासारख्यांनी वाट केली म्हणून, हे मी विसरत नाही.

आता पहिल्या दिवसाची गोष्ट. मला वाटले होते, साहेब एखादे जाडजूड पुस्तक हातात देतील. पुस्तक आहेच, राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणून तीन-चार वेळा नव्याने लिहिलेला ग्रंथ आहे, अलीकडची आवृत्ती २०१६ ची, आणि त्यातला चौथा भाग आम्हां लोकांना जवळजवळ पाठ करावा लागतो. पण साहेबांनी त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवले, मला एक बॅटरी दिली आणि एका जुन्या सरकारी इमारतीत नेऊन म्हणाले, "आज तू धूर हो. माणसे दारातून जातात. तू कोठून जाशील ते शोध आणि लिहून आण."

मी दिवसभर धूर होऊन फिरले. आणि काय सांगू, दारे सोडून मला किती वाटा सापडल्या! विजेच्या तारा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेताना भिंतीला पाडलेली भोके तशीच उघडी होती. छताखाली शोभेचे दुसरे छत केलेले, आणि त्याच्या वरची भिंत अर्धवटच बांधलेली. म्हणजे खालून पाहावे तर दोन खोल्या वेगळ्या, आणि वरून एकच. पाइपांभोवती मूठभर जागा मोकळी होती. पूर्वी कधी बसवलेल्या आणि मग काढून नेलेल्या वातानुकूलन यंत्राची खिडकी पुठ्ठ्याने झाकलेली. संध्याकाळी माझी यादी पाहून साहेब एवढेच म्हणाले, "ठीक. आता उद्या पुस्तक."

धुराला एवढे महत्त्व का, असे आपणांस वाटेल. पुष्कळांची अशी समजूत असते की आगीत माणसे जळून मरतात. जळतातही, पण त्याआधी बहुतेकांना धूर गाठतो. घरातल्या वस्तूंत आता लाकूड-कापसापेक्षा फोम आणि प्लास्टिक अधिक. फोमची गादी पेटली की तिचा धूर काळा, दाट आणि विषारी असतो. त्यात एक वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावून बसतो. झोपलेला माणूस त्याने जागाही होत नाही. धूर आधी छताला लागतो, मग थर जाड होत होत खाली येतो. म्हणून धुरात सापडल्यास वाकून, वेळ पडल्यास रांगत, जमिनीलगत जावयाचे. ओले फडके नाकाला लावा असे सांगतात. त्याने काजळी थोडी अडते, वायू अडत नाही. तेव्हा फडके लावून धुरात घुसण्याचे धाडस करू नये. बाहेरच्या मार्गिकेत धूर भरला असेल तर आपले दार लावून घ्यावे, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबावा, गॅलरीत किंवा खिडकीशी जावे आणि १०१ वर फोन करून इमारतीचे नाव आणि आपला मजला सांगावा.

पंपांचे म्हणाल तर तो माझ्या नोकरीतला आवडता भाग. उंच इमारतींच्या तळाशी एक खोली असते. तीत सहसा तीन पंप असतात. एक छोटा, त्याला जॉकी पंप म्हणतात. आगीच्या पाइपांत पाणी कायम दाबाखाली भरलेले ठेवावे लागते. कोठे थेंब थेंब गळून दाब उतरला तर हा छोटा आपोआप सुरू होतो आणि उणीव भरून काढून गप्प बसतो. घरात असे एखादे माणूस असते पाहा, न सांगता पाण्याचे पिंप भरून ठेवणारे. पण खरोखर आग लागली आणि कोणी नळी उघडली, तर दाब झपाट्याने उतरतो. छोट्याच्याने ते निभत नाही, तेव्हा मोठा पंप जागा होतो. मी पहिल्यांदा चाचणी घेतली तो पंप मिनिटाला २२८० लिटर पाणी फेकणारा होता. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर मिनिटाला दीडशे हंडे! आणि आगीत वीजच गेली तर? म्हणून तिसरा पंप डिझेलवर चालणारा. चाचणी म्हणजे मुद्दाम एक झडप उघडून दाब उतरवावयाचा आणि हे तिघे आपापल्या पाळीने उठतात की नाही ते काट्याकडे पाहत उभे राहावयाचे.

पुष्कळ ठिकाणी तिसरा उठत नाही. कारण बहुधा क्षुल्लक असते. बॅटरी उतरलेली, नाहीतर टाकीत डिझेलच नाही. एका सरकारी वसतिगृहात मात्र मी वेगळे पाहिले. तेथील पंपचालक मामा निवृत्तीला आलेले, शिक्षण बेताचे. मी झडप उघडली आणि तिन्ही पंप एकापाठोपाठ एक असे उठले, जणू शाळेतली मुले हजेरी देताहेत. मी नोंदवही मागितली तर त्यांनी ती लाजत लाजत पुढे केली. दर सोमवारी सकाळी त्यांनी डिझेल पंप चालवून पाहिल्याची नोंद होती, अनेक वर्षांची, एकही सोमवार न चुकता. मी म्हटले, "मामा, हे तुम्हांला कोणी करायला सांगितले?" ते म्हणाले, "पाटीवर लिहिले आहे ना, आठवड्यातून एकदा चालवावा. मी वाचले." आमच्या खात्यात मोठमोठ्या पदव्यांची माणसे मी पाहिली आहेत, पण पाटी वाचणारे हे मामा मला विसरता येत नाहीत.

आता जी गोष्ट सांगावयाची म्हणून मी मुख्यतः उभी राहिले आहे, तिच्याकडे येते.

एका जिल्ह्याच्या गावच्या सरकारी रुग्णालयाच्या तपासणीला मी साहेबांबरोबर गेले होते. गाव आणि रुग्णालय कोणते ते विचारू नका. प्रसूतीच्या कक्षाला दोन दारे होती. एक पुढचे, वापरातले. दुसरे दूरच्या टोकाला, जिन्यावर उघडणारे. त्या दुसऱ्या दाराला साखळी आणि साखळीला कुलूप. किल्ली कोणाकडे? मेट्रनबाईंच्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप. त्याची किल्ली? मेट्रनबाईंच्या कमरेला. आणि रात्रपाळीला मेट्रनबाई घरी!

मला संताप आला. मी तरुण आहे, मला तो चटकन येतो. पण साहेबांनी मला खूण केली आणि मेट्रनबाईंना शांतपणे विचारले, "बाई, कुलूप का घालावे लागले?" त्या माउलीने आम्हांला बसवून सारे सांगितले. त्या दाराने रात्री कोणीही आत येई. नातेवाइकांची झुंबड होई, कोणी बाळंतिणीच्या उशाखालचे पैसे नेले, आणि एकदा तर एक अनोळखी बाई पाळण्याशी घुटमळताना सापडली. "तुमची आग कधी लागेल तेव्हा लागेल," त्या म्हणाल्या, "माझे मूल चोरीला गेले तर ते आज जाईल. मी काय करू, सांगा."

भगिनींनो, यावर मला उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जगात जेथे जेथे आगीत दारे बंद सापडली तेथे तेथे ती कोणी दुष्टाव्याने बंद केलेली होती असे नाही. प्रत्येक कुलपामागे कोणाचे तरी कारण होते. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. इमारत दहा मजली, कारखाना वरच्या तीन मजल्यांवर. काम करणाऱ्या बहुतेक परदेशातून आलेल्या गरीब मुली, झंपर शिवणाऱ्या. जाताना कोणी कापड चोरून नेऊ नये म्हणून सगळ्यांनी एकाच दाराने, पिशव्या दाखवून बाहेर पडावे असा मालकांचा नियम. म्हणून नवव्या मजल्यावरचे दुसरे दार कुलूपबंद होते. अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपले. १४६ माणसे गेली, त्यांत १२३ बायका आणि मुली. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. त्या दिवशी जवळच एका मैत्रिणीकडे चहाला आलेली फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुणी आरडाओरडा ऐकून धावत गेली आणि मुली खिडक्यांतून उड्या टाकताना तिने डोळ्यांनी पाहिल्या. पुढे कारखान्यांच्या चौकशीच्या कामात ती पडली, न्यूयॉर्क राज्याचे कायदे बदलले, आणि १९३३ साली ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली, तेथील मंत्रिमंडळातली पहिली स्त्री.

आपल्याकडचे उदाहरण दिल्लीच्या उपहार चित्रगृहाचे, १३ जून १९९७ चे. तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर वर चढून बाल्कनीत भरला. बाल्कनीच्या एका बाजूची बाहेर जाण्याची वाट जास्तीच्या खुर्च्या बसविल्यामुळे बंद झालेली होती. ५९ माणसे गेली. तेथे कारण चोरीचे नव्हते, चार तिकिटे अधिक विकण्याचे होते. आणि त्या कारणाबद्दल मेट्रनबाईंच्या कारणाइतकी सहानुभूती मला वाटत नाही, हे सांगून टाकते.

तर मेट्रनबाईंना काय सांगावयाचे? साहेबांनी परतताना गाडीत मला याचे उत्तर शोधावयास लावले, आणि ते पुस्तकात सापडले. दाराला आतून आडवा दांडा बसवितात, त्याला पॅनिक बार म्हणतात. बाहेरून ते दार कोणाला उघडत नाही, पण आतून दांड्यावर अंग टेकले तरी उघडते. किल्ली नको, कडी नको, अंधारात चाचपडणे नको. त्याला जोडून एक घंटा बसविता येते, दार उघडले की वाजणारी. मूल चोरणारीही गुपचूप पळू शकत नाही आणि बाळंतीणही अडकत नाही. शिवाय दुसरी एक गोष्ट मी त्या निमित्ताने शिकले. रुग्णालयात आग लागली तर सगळ्या रोग्यांना जिन्याने खाली न्यावे असे मला वाटे. ते शक्यच नसते. सलाइन लावलेल्या बाईला चार मजले कोण उतरविणार? म्हणून रुग्णालयाचा एकेक मजलाच आगरोधक भिंतीने दुभागलेला असावा, आणि खाटेसकट रोगी त्या भिंतीच्या दारातून पलीकडच्या भागात ढकलत न्यावा, अशी योजना असते. तेथील मार्गिका २.४ मीटर रुंद असावी असा नियम आहे, तो कोणा अधिकाऱ्याची लहर नव्हे. खाट वळली पाहिजे म्हणून आहे. आणि त्याच मार्गिकेत जुनी कपाटे, मोडक्या खाटा आणि नातेवाइकांच्या चटया असतात.

मी अहवाल लिहिला. उमेदवाराला सहीचा अधिकार नसतो. माझ्या मसुद्यावर साहेबांची सही झाली. पाच दारांना पॅनिक बार हवेत असे लिहिले होते. कागद वर गेला, खाली आला, "निधीच्या उपलब्धतेनुसार" असा शेरा घेऊन आला, पुन्हा वर गेला. शेवटी दोन दारांना मंजुरी मिळाली. त्यातले एक प्रसूतिकक्षाचे, ते आता बसले आहे. मी स्वतः जाऊन पाठीने ढकलून पाहिले. उरलेल्या तीन दारांची साखळी मेट्रनबाईंनी आपल्या जबाबदारीवर काढली आणि रखवालदाराची खुर्ची तेथे नेऊन ठेवली. कागदोपत्री ती तीन दारे अजून 'त्रुटी' म्हणून उभी आहेत. २०२१ च्या ९ जानेवारीला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली, हे आपणां सर्वांना आठवत असेल. त्यानंतर अशा कागदांना थोडी गती आली असे जुनी मंडळी म्हणतात. गती यावयाला काय किंमत पडते, ते पाहा.

आता आपल्या घरांकडे वळते. आपल्या नौपाड्यातल्या चाळी आणि वाडे एकेक करून पडले आणि त्या जागी पंधरा-वीस मजली इमारती आल्या. घरे चांगली झाली. पण चाळीत आग लागली तर गॅलरीतून अंगणात दोन उड्यांत येता येई, येथे तसे नाही. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचे सारे भवितव्य एका जिन्यावर असते. आणि त्या जिन्याचे आपण काय करतो? जिन्याला जे जड दार असते, आपोआप मिटणारे, ते तास-दोन तास आग आणि धूर अडवावे म्हणून केलेले असते. आपण वारा यावा म्हणून त्याला दगड लावून उघडे ठेवतो. मग तो जिना राहत नाही, धुराडे होते. प्रत्येक मजल्यावर विजेच्या तारांचा एक उभा कोनाडा असतो, त्याला आपण डक्ट म्हणतो. मी आजवर जेवढे डक्ट उघडले त्यांतल्या बहुतेकांत झाडू, पायपुसणी, रद्दीचे गठ्ठे आणि दिवाळीचे कंदील निघाले. तारा तापण्याची जागा तीच, आणि जळण आपण तेथेच रचून ठेवतो! वरच्या मजल्यांवर संकटकाळी माणसांनी थांबावे म्हणून मोकळी सोडलेली जागा असते. तीत पापड वाळत घातलेले मी पाहिले आहेत. पापड उचलता येतात, म्हणून त्यांना मी फार नावे ठेवीत नाही. पण तेथे कोणी भिंत घालून खोली काढली असेल तर तक्रार जरूर करा. छताला लहान लाल काचेची नळी असलेले पाण्याचे फवारे असतात. ती नळी ६८ अंशांना फुटते आणि त्या जागेपुरतेच पाणी पडते, सिनेमात दाखवितात तसे सगळ्या घरभर नाही. त्याला वाढदिवसाचे फुगे बांधू नयेत, एवढीच विनंती.

महाराष्ट्रात यासाठी २००६ सालचा कायदा आहे. इमारतीत बसविलेली आगीची साधने चालू स्थितीत आहेत असा परवानाधारकाचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्याला 'नमुना ब' म्हणतात. सोसायटीच्या सभेला आपण जाता. रंग कोणता लावावयाचा यावर दोन तास चर्चा होते. त्यातली दोन मिनिटे काढून "नमुना ब दाखवा" असे चिटणिसांना म्हणा. मात्र दाखला पाहून थांबू नका. पंप चालवून दाखवा म्हणा.

स्वयंपाकघराविषयी आपल्याला मी काय सांगणार? पण एक दोन गोष्टी अनुभवी हातांनाही ठाऊक नसतात. कढईतले तेल पेटले तर पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते, आणि एका लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते; ती पेटते तेल छतापर्यंत उडविते. गॅस बंद करावा, मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवून कढईवर ठेवावी, आणि ती लगेच उचलून पाहू नये. तेल गरम असले की हवा लागताच पुन्हा पेटते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. वास आला तर दिव्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, दारेखिडक्या उघडून, बाहेर येऊन मग १९०६ वर फोन करावा. भाजल्यास वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. आणि गाऊन नायलॉनचा नको. तो जळतो तेव्हा वितळून अंगाला चिकटतो. सुतीही पेटतेच, पण चिकटत नाही.

आता शेवटचा विषय, आणि तो जरा नाजूक आहे. मला बोलावणे आले तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, बोलण्याआधी मला सभागृह पाहू द्या. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी येथे पुन्हा एकदा धूर होऊन फिरले.

आपले सभागृह पहिल्या मजल्यावर. खाली मसाला आणि भाजणीचा उद्योग, तेथे सात-आठ भगिनी काम करतात. येथे रोज सकाळी बालवाडी भरते, तीस मुले. आपण आज येथे एकशे चाळीसच्या आसपास आहोत, मी मोजले. वर येण्याचा जिना एक. त्या जिन्याखाली गॅसची एकोणीस किलोची चार सिलिंडरे. दुसरे दार आहे, रंगमंचाच्या बाजूला, मागच्या लोखंडी जिन्यावर उघडणारे. त्याच्यापुढे घडीच्या खुर्च्या, जाजमाच्या वळकट्या आणि गणपतीचे मखर. मखरामागे दार, दाराला कुलूप, आणि किल्ली कोषाध्यक्ष काकूंच्या कपाटात. कपाट काकूंच्या घरी.

काकू हसताहेत, पण त्या दिवशी त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी मला कारण सांगितले. मागच्या दाराने मंडळाची भांडी गेली होती, पितळेची, देणगीत आलेली. आणि मागे अंगणात ठेवलेली दोन सिलिंडरेही चोरीला गेली होती. म्हणून सिलिंडरे जिन्याखाली आली आणि दाराला कुलूप आले. मला मेट्रनबाईच आठवल्या. बालवाडीच्या बाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "खाली पेटले तर मी तीस मुले घेऊन कोठून जाऊ?" त्यावर कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली असे ऐकते. ती झाली हे चांगले.

दाराला आज कुलूप नाही. खुर्च्या हलल्या आहेत, मखर वरच्या माळ्यावर गेले आहे. लोखंडी जिन्याच्या गंजलेल्या दोन पायऱ्या गेल्या आठवड्यात वेल्डरकडून बदलून घेतल्या, त्या मी पाहिल्या. सिलिंडरांसाठी मागे मोकळ्या हवेत जाळीचा, कुलूप लागणारा पिंजरा करावयाचा आणि भिंतीतून पाइप आत आणावयाचा, याचा नकाशा मी काढून दिला आहे; खर्चाचा अंदाज चिटणीसबाईंकडे आहे. दाराच्या आडव्या दांड्याचाही. या दोन्हींना पैसे लागतील. यंदाच्या सहलीचे पैसे त्याकडे वळवावेत की निराळी वर्गणी काढावी, हे उद्याच्या वार्षिक सभेपुढे आहे; त्यात मी बोलणे बरे नव्हे, कारण मी सभासद नाही. माझी आई आहे, ती बोलेल.

तोवर आज एक करू या. पन्हे आणि आंब्याची डाळ नेहमीप्रमाणे येथे वर मांडलेली नाही, मागच्या अंगणात मांडली आहे. आपण सगळ्यांनी मागच्या दाराने खाली उतरावयाचे. जिन्यावर एका वेळी दहा-बारा जणीच. कठड्याला हात, पदर खोचलेला, घाई नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुढच्या जिन्याने सावकाश जावे, त्यांच्या सोबतीला आमच्या दोन मैत्रिणी आहेत. बालवाडीची मुले आधी जातील, आगगाडी करून. चिटणीसबाई घड्याळ लावून दाराशी उभ्या राहतील, आणि शेवटची भगिनी खाली पोचली की किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहितील. चला, मुलांनो, तुम्ही पुढे.